कॉलनीचं रिडेव्हलपमेंट करताय? आधी येण्या-जाण्याच्या वाटा ठरवा, फ्लॅटची साईज नंतर

सांगलीत कुठल्याही जुन्या म्हाडाच्या नाहीतर सरकारी कॉलनीत हल्ली दोन माणसं कट्ट्यावर बसली की विषय फिरून फिरून रिडेव्हलपमेंटवर येतोच. स्लॅबचे तुकडे पडायला लागलेत, ड्रेनेज तुंबतंय, टाकी गळतेय, आणि कोणीतरी पुण्याहून ऐकून येतो की तिकडं म्हणे जुन्याच्या दीडपट फ्लॅट फुकटात मिळाला, वर बांधकाम होईपर्यंत भाडंही देतायत. मग सगळी चर्चा आकड्यांभोवतीच फिरते, कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, किती? साडेचारशे फूट का पाचशे, पार्किंग एक का दोन, कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम, किती. हे प्रश्न चुकीचे नाहीत, आयुष्यभर हप्ते फेडलेल्या माणसानं ते विचारायलाच पाहिजेत. पण या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट कायम गायब असते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे: नवीन बिल्डिंग उभी राहिल्यावर ही कॉलनी बाकीच्या गावाला जोडलेली असणार, का आज आहे तशीच भिंतीआड पडून राहणार? आज आपण हेच जरा नीट, सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी या कॉलन्या अशा तुटक झाल्या कशा ते बघू. स्वातंत्र्यानंतर घरांची टंचाई प्रचंड होती, १९४८ च्या कायद्यानं हाउसिंग बोर्ड आलं, मग १९७६ चा म्हाडा कायदा झाला आणि १९७७ च्या डिसेंबरपासून म्हाडा सुरू झालं. आपली सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर हे सगळं म्हाडाच्या पुणे मंडळाकडं येतं. हेतू चांगलाच होता, कामगार, क्लार्क, शिपाई, छोटा दुकानदार यांना हप्त्यानं परवडेल असं पक्कं घर. पण घर परवडायचं तर जमीन स्वस्त पाहिजे आणि स्वस्त जमीन मिळणार गावाबाहेर, माळावर नाहीतर रानात. म्हणून एक मोठा तुकडा घ्यायचा, त्यावर ले-आउट टाकायचा, मेन रोडला एक तोंड काढायचं, आतले रस्ते गोल फिरून परत त्याच तोंडाशी आणायचे, मधे ओपन स्पेस सोडायची, झालं काम. तेव्हा आजूबाजूला काही नव्हतंच, त्यामुळं जोडायचं कशाला हा प्रश्नही कुणाला पडला नाही. पुढं गाव वाढलं, सांगली आणि मिरजेच्या मधला विश्रामबागचा पट्टा भरला, कुपवाडच्या बाजूला घरं गेली, १९९८ ला तिन्ही गावांची मिळून एक महापालिका झाली. जी कॉलनी गावाबाहेर होती ती गावाच्या मधे आली, पण तिचं तोंड अजून एकच! चारी बाजूंनी खाजगी प्लॉटिंग झालं आणि जो तो आपली पाठ कॉलनीकडं करून, मधे कंपाउंड घालून बसला.

माझ्या माहितीतल्या एका कॉलनीत मागच्या भिंतीला एक भगदाड आहे. माणूस तिरका होऊन जाईल एवढंच, खाली दोन विटा आणि फुटक्या शहाबादी फरशीचा तुकडा पायरीसारखा ठेवलेला, आणि कडेच्या विटा हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या. पलीकडं गिरणी आहे, भाजीवाले बसतात, मराठी शाळा आहे. भगदाडातून पाच मिनिटं लागतात, आणि गेटमधून जायचं म्हटलं तर मेन रोडचा वळसा घालून वीस-पंचवीस मिनिटं, तेही ट्रक-डंपरच्या कडेकडेनं. मधे मधे कोणीतरी ते बुजवून घेतं, चार दिवसांत परत फुटलेलं असतं. तिथल्या एका काकूंना मी विचारलं की असं वाकून कशाला जाता, तर म्हणाल्या, "अहो, दळणाचा डबा घेऊन हायवेनं जाऊ का मग? ट्रकवाले बघत्यात का आमच्याकडं?"

रिडेव्हलपमेंटचा प्लॅन काढणाऱ्या प्रत्येक आर्किटेक्टनं आधी अशा भगदाडापाशी एक सकाळ उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. कारण कॉलनीला कुठं रस्ता पाहिजे हे लोकांनी आधीच दाखवून ठेवलेलं असतं, सर्व्हेच्या फॉर्ममध्ये ते सापडणार नाही. आपल्याकडं शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, रान कितीही काळंभोर असू दे, विहिरीला पाणी असू दे, पण पाणंद नसेल तर ऊस बाहेर काढायचा कसा, आणि म्हणूनच वाट नसलेल्या रानाला कधी भाव येत नाही. कॉलनीचंही अगदी तसंच आहे.

तुटक असण्याचा तोटा नुसता चालण्यापुरता नाही. रस्ता जिथं संपतो तिथून कोणी जात-येत नाही, जिथं कोणी जात-येत नाही तिथं दुकान चालत नाही, दुकान नाही म्हणून उजेड नाही, आणि उजेड नाही म्हणून रात्री आठनंतर बायका-पोरी तिकडं फिरकत नाहीत, मग ती जागा बाटल्या फोडणाऱ्यांची होते. रिक्षावाला आत यायला कुरकुर करतो कारण परतीचं भाडं मिळत नाही, सिटी बस बाहेरच्या बाहेर जाते. हळूहळू बाहेरचे लोक 'त्या कॉलनीतले' असं बोलायला लागतात आणि पोरांच्या लग्नाच्या बोलण्यातसुद्धा पत्ता अडायला लागतो. लोक म्हणतात कॉलनी बिघडली, मला मात्र त्यातला निम्मा दोष ले-आउटचा वाटतो.

हा अनुभव आपल्यापुरताच नाही, जगात सरकारी वसाहतींचं हेच झालंय आणि काही ठिकाणी ते सुधारलंयही. इंग्लंडात मँचेस्टर शहरात ह्यूम म्हणून भाग आहे. तिथं जुनी दाटीची घरं पाडून १९७२ पर्यंत चंद्रकोरीच्या आकाराच्या लांबच लांब बिल्डिंगा उभ्या केल्या. कल्पना अशी की खाली गाड्या, आणि माणसं वरच्या मजल्यावरच्या रुंद गॅलऱ्यांतून चालणार, म्हणजे गल्ली जमिनीवरनं उचलून हवेत नेली. कागदावर ते फार भारी दिसत होतं. प्रत्यक्षात त्या गॅलऱ्या कुणाच्याच नव्हत्या, त्यांच्यावर ना दुकान ना फेरीवाला, घरं गळत होती, काही वर्षांतच कुटुंबं सोडून जायला लागली. शेवटी १९९२ मध्ये तिथं मोठी योजना आली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या चंद्रकोरी पाडल्या. नवीन ह्यूम बांधताना मुख्य जोर होता तो साध्या रस्त्यांवर, असे रस्ते जे एका बाजूनं आत येतात आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडून शहरातल्या रस्त्याला मिळतात, आणि घरांची दारं त्या रस्त्यावर उघडतात. तिथला स्ट्रेटफर्ड रोड हा जुना बाजाररस्ता मधल्या काळात तुटला होता, तो परत जोडायला मोठ्या रस्त्यावरून कमानीचा पूल टाकला, १९९७ मध्ये. एक तुटलेला रस्ता जोडायला पूल! इतकं त्यांना ते महत्त्वाचं वाटलं.

दुसरं उदाहरण ॲमस्टरडॅममधल्या बाइल्मरमेरचं. १९६६ मध्ये काम सुरू झालं, मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोनी आकार करत जाणाऱ्या दहा-अकरा मजली बिल्डिंगा, मधे भरपूर झाडी, आणि गाड्यांचे रस्ते उंच बांधावरून नेलेले, म्हणजे पादचारी खाली आणि वाहनं वर, दोघांची गाठच पडायची नाही. पण उंच रस्त्यांमुळं एका भागातून दुसऱ्या भागात जायचं म्हणजे अंधाऱ्या बोगद्यासारख्या जागेतून जायचं, त्यामुळं लोक टाळायला लागले. १९९२ च्या सुमारास तिथं सुधारणा सुरू झाली, बऱ्याच बिल्डिंगा पाडल्या, आणि एक काम असं केलं जे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, उंचावरचे रस्ते खाली आणून जमिनीच्या पातळीला मिळवले. मग त्या रस्त्यांच्या कडेला घरं, दुकानं येऊ शकली.

या दोन्हीकडून आपल्या कामाचं काय निघतं? एक तर रस्ता आरपार पाहिजे. नुसतं दुसरं गेट पाडणं म्हणजे जोडणं नव्हे, त्या गेटातून गेल्यावर पुढं कुठंतरी पोचता आलं पाहिजे, शाळा, मंडई, बस स्टॉप, बागेपर्यंत. आणि रस्त्याकडं घराचं तोंड पाहिजे, पाठ नको. आपल्याकडं नवीन स्कीममध्ये काय करतात, खाली सगळं पार्किंग, भोवती सहा-सात फुटी भिंत, गेटवर वॉचमन, म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्याला दोन्हीकडं नुसती भिंत आणि शटर. अशा रस्त्यावर कोणी बाई रात्री चालेल का? तेच खाली चार दुकानं, एखादा दवाखाना, अंगणवाडी, दोन घरांच्या पायऱ्या असतील तर रस्ता आपोआप जागा राहतो. अजून एक गोष्ट जी सहसा कोणी बोलत नाही: वाचनालय, दवाखाना, छोटा हॉल, पोरांचं मैदान या गोष्टी कॉलनीच्या पोटात ठेवू नका, कडेला ठेवा, म्हणजे बाहेरचेही येतील आणि 'त्यांची कॉलनी' ही भाषा कमी होईल.

आता यावर सगळ्यात पहिला आक्षेप मला माहितीये, मीटिंगमध्ये कोणीतरी काका उठून म्हणणारच, "भिंत काढली तर चोऱ्या होतील हो, आणि शॉर्टकट म्हणून सगळ्या गावाच्या गाड्या आतून जातील." दोन्ही भीती खऱ्या आहेत, त्यांना हसून उडवणं मला मान्य नाही. गाड्यांचं उत्तर सोपं आहे, सगळे जोड गाड्यांसाठी नकोतच. चालणाऱ्यांना आणि सायकलींना आरपार वाट द्या आणि मधे लोखंडी खांब रोवा, चारचाकी थांबेल, ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमनच्या गाडीसाठी काढता येणारे खांब ठेवा. मोटारसायकलवाले तरी घुसतील, हे खरं, त्यासाठी आडव्या रेलिंग लावतात, पण त्यातून व्हीलचेअर आणि बाबागाडी जाईल एवढी रुंदी ठेवलीच पाहिजे. गाड्यांना आरपार रस्ता एखाद-दुसराच द्यायचा, तोही स्पीड ब्रेकर घालून.

चोरीचं थोडं वेगळं आहे. मागची ओसाड भिंत चोराला सोयीची असते, कारण तिकडं कोणी बघत नसतं. तीच जागा वापरातली वाट झाली, दिवा लागला, दोन खिडक्या त्या वाटेवर उघडल्या तर अनोळखी माणूस लगेच डोळ्यात येतो. पण इथं एक सावधगिरी पाहिजे, घरांच्या मागून जाणारी, दोन भिंतींमधली अरुंद बोळकांडी ही वाट म्हणून सगळ्यात वाईट, तसली वाट करण्यापेक्षा नको ती. वाट सरळ असावी, या टोकाला उभं राहिलं की ते टोक दिसावं.

आता पैशावर येऊ, कारण इथं सांगलीचं गणित मुंबई-पुण्यापेक्षा पूर्ण वेगळं आहे आणि हे लोकांना कोणी समजावून सांगत नाही. रिडेव्हलपमेंटमध्ये तुमचा फ्लॅट 'फुकट' कसा मिळतो? बिल्डर जादा एफएसआय वापरून वरचे फ्लॅट बांधतो, ते बाजारात विकतो, आणि त्या नफ्यातून तुमचा फ्लॅट, तुमचं भाडं, सरकारचे प्रीमियम (जादा बांधकामासाठी भरायचे पैसे) आणि स्वतःचा फायदा काढतो. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा. २०२० च्या डिसेंबरमध्ये राज्यासाठी जी एकत्रित बांधकाम नियमावली आली, युडीसीपीआर म्हणतात तिला, त्यात म्हाडाच्या वसाहतींना ३ पर्यंत एफएसआयची सोय आहे. हे ऐकून लोकांना वाटतं लॉटरी लागली.

थांबा, साधा हिशोब करू, आकडे फक्त समजायला घेतलेत. समजा मुंबईत बांधायचा खर्च ४,००० रुपये फूट आणि विक्री २५,००० रुपये फूट. म्हणजे एक फूट विकलं की २१,००० सुटतात, त्यात पाच फूट फुकट बांधून देता येतात. आता समजा सांगलीत बांधायचा खर्च २,५०० आणि विक्री ४,५००. एक फूट विकून सुटतात २,०००, त्यात एक फूटसुद्धा फुकट बांधून होत नाही. ६० घरांची कॉलनी, प्रत्येकाला ५४० फूट द्यायचं म्हणजे ३२,४०० फूट, ते नुसतं बांधायलाच ४०,५०० फूट विकावं लागेल, आणि यात भाडं, प्रीमियम, व्याज, बिल्डरचा फायदा काहीच धरलेलं नाही, ते धरलं की आकडा अजून बराच चढतो. म्हणजे ६० जुनी घरं आणि शंभराच्या वर नवीन फ्लॅट, तेही त्याच रस्त्यावर, त्याच ड्रेनेजवर. एवढे फ्लॅट सांगलीत विकायला किती वर्षं लागतील, आणि ते विकले जाईपर्यंत तुमचं भाडं कोण भरणार? एफएसआय कागदावर असणं आणि बाजारात खपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अर्धवट अडकलं तर काय होतं हे गोरेगावच्या पत्राचाळीनं दाखवलंय, तीही म्हाडाचीच वसाहत, ६७२ कुटुंबं, २००८ ला करार झाला, लोकांनी घरं सोडली, मग भाडं बंद झालं आणि लोक दहा वर्षांहून जास्त काळ बाहेर राहिले, शेवटी म्हाडालाच ते काम हातात घ्यावं लागलं. याउलट वरळीच्या बीडीडी चाळीत १६० फुटांच्या खोल्यांच्या जागी ५०० फुटांची घरं देणं चालू झालं, ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ जणांना चाव्या मिळाल्या, पण तिथं काम म्हाडानं स्वतः घेतलं आणि जमिनीची किंमत वरळीची आहे. ते गणित उचलून सांगलीत ठेवता येणार नाही.

आणि इथंच रस्त्याचा मुद्दा परत येतो बघा. वर सांगितलेल्या युडीसीपीआर नियमावलीतच किती बांधता येईल आणि किती उंच, याचा संबंध समोरचा रस्ता किती रुंद आहे याच्याशी जोडलेला आहे. आतल्या अरुंद, बंद रस्त्यांवर प्लॉट असेल तर जादा एफएसआय वापरताच येत नाही. म्हणजे ज्याला फक्त फ्लॅटच्या साईजशी मतलब आहे त्यानंही आधी रस्त्याचंच बघायला पाहिजे.

मग जिथं हिशोब बसत नाही तिथं काय करायचं, गप्प बसायचं? नाही. पाडणं हा एकच मार्ग आहे हे आपल्या डोक्यात कुणीतरी पक्कं बसवलंय. फ्रान्समध्ये बोर्दो शहरात ग्राँ पार्क म्हणून १९६० च्या दशकातली सरकारी वसाहत आहे, तिथल्या तीन बिल्डिंगांमधली ५३० घरं न पाडता सुधारली. बिल्डिंगच्या बाहेरून नवीन खांब उभे करून प्रत्येक घराला पावणेचार मीटरच्या आसपास खोल काचेची गॅलरी जोडली, लिफ्ट बदलल्या, आणि हे सगळं लोक आत राहत असताना. ना कुणाला भाड्यानं बाहेर जावं लागलं ना कुणाचा शेजार तुटला. या कामाला २०१९ चा युरोपातला मोठा वास्तुकला पुरस्कार मिळाला. बाइल्मरमेरमधल्या क्लायबर्ग नावाच्या ५०० घरांच्या बिल्डिंगचंही असंच, पाडायचीच होती, एका गटानं ती एका युरोला घेतली, मुख्य सांगाडा आणि सामाईक भाग दुरुस्त केला आणि आतलं काम ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीप्रमाणं करून घेतलं. तळमजल्यावर सगळ्यांच्या अडगळीच्या खोल्या होत्या, त्या वर हलवून खाली घरं काढली, म्हणजे जमिनीच्या पातळीला परत दारं-खिडक्या आल्या.

आपल्या कॉलन्या तर बहुतेक तीन-चार मजलीच किंवा बैठ्या. पहिलं काम स्ट्रक्चरल ऑडिट, तेही ज्याला बांधकामाचं काम मिळणार नाही अशा इंजिनिअरकडून. सळ्या गंजून स्लॅब फुगले असतील, कॉलमला उभ्या चिरा असतील तर भावनेत न अडकता पाडा, माणसाच्या जिवापेक्षा भिंत मोठी नाही. पण ऑडिटमध्ये दुरुस्ती होण्यासारखं निघालं तर ड्रेनेज, पाणी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरून जोडलेली लिफ्ट आणि दोन आरपार वाटा, एवढ्यावर कॉलनीचं रूप पालटू शकतं आणि खर्च नवीन बांधकामाच्या मानानं फार कमी येतो. त्यातही वाटांचा खर्च सगळ्यात कमी. थोडी भिंत, पेव्हिंग ब्लॉक, चार दिवे.

अजून एका गोष्टीकडं लक्ष द्या. आपल्या कॉलन्यांत तळमजल्याच्या पुढच्या खोलीत कितीतरी संसार चालतात. खिडकीशी शिलाई मशीन लावून फॉल-पिको करणाऱ्या ताई, पापड-लोणचं, झेरॉक्स, पार्लर, छोटी किराणा. रस्त्यावरून येणारं गिऱ्हाईक खिडकीतून पिशवी देतं आणि जातं. ही ताई उद्या सातव्या मजल्यावर गेली, खाली वॉचमननं नाव-नंबर लिहून घ्यायला सुरुवात केली, की तिचं गिऱ्हाईक संपलं. कार्पेट वाढलं पण महिन्याची कमाई गेली, आणि वर लिफ्टचा मेंटेनन्स द्यायचा. तळमजल्यावर रस्त्याकडं उघडणारे छोटे गाळे अशा लोकांसाठी राखून ठेवा, हे करारात लिहून घेता येतं. आणि भाडेकरूंचं काय? सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते नसतात, त्यांना कोणी विचारत नाही. लंडनमधल्या हेगेट वसाहतीत हजाराच्या वर घरं होती, ती पाडून नवीन चकाचक भाग बांधला, पण त्यात पूर्वीसारखी कमी भाड्याची सरकारी घरं उरली शंभराच्या आसपास. रस्ते, बाग, झाडं सगळं छान झालं, फक्त ज्यांच्यासाठी सुधारायचं होतं ती माणसंच तिथं राहिली नाहीत. जोडणं म्हणजे हे नव्हे. कॉलनीची किंमत वाढली आणि कॉलनीतला माणूसच बाहेर फेकला गेला तर त्या कामाला सुधारणा म्हणायला माझी तयारी नाही.

आता खास आपला सांगलीचा विषय, पाणी. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, हे कुणी विसरलेलं नाही. एकच तोंड असलेली कॉलनी आणि ते तोंड नेमकं सखल बाजूला, म्हणजे पाणी चढायला लागलं की पहिला बंद होणार तो बाहेर पडायचा रस्ता. म्हणून दुसरी वाट उंच बाजूला पाहिजे, हा शोभेचा विषय नाही. आपली कॉलनी निळ्या पूररेषेच्या आत आहे का, निळी आणि लाल (त्याहून मोठ्या पुराची रेषा) यांच्या मधे आहे का, हे पाटबंधारे खात्याच्या नकाशावर आधी बघून घ्या, त्यावर काय बांधता येईल आणि जोतं किती उंच घ्यावं लागेल हे ठरतं. कॉलनीतून जाणारा नाला पाइपात घालून वर रस्ता करू असं कोणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. शामरावनगरला दर पावसाळ्यात काय होतं ते आपण बघतोय. नाला उघडा ठेवून त्याच्या कडेनं पायवाट केली तर पाण्यालाही जागा राहते आणि लोकांना आरपार वाटही मिळते, कारण नाला कुणाच्या कंपाउंडला विचारून थांबत नाही, तो या कॉलनीतून पुढच्या प्लॉटिंगमध्ये जातोच.

आता हे करवून कसं घ्यायचं? पहिली अडचण मालकीची. जमीन म्हाडाची, सोसायटीला लीजवर, आतले रस्ते आणि ओपन स्पेस बऱ्याचदा अजून महापालिकेकडं हँडओव्हरच झालेल्या नसतात. मग म्हाडाकडं गेलं की ते म्हणतात पालिकेकडं जा, पालिका म्हणते आमच्या ताब्यात नाही, आणि खड्डा तसाच. त्यामुळं म्हाडाच्या पुणे मंडळाकडून मंजूर ले-आउटची प्रत आणि सिटी सर्व्हे ऑफिसमधून प्रॉपर्टी कार्ड नि मोजणीचा नकाशा काढा, माहिती अधिकारात अर्ज टाकावा लागला तरी चालेल. ते दोन नकाशे शेजारी ठेवले की कळतं, भिंत खरंच हद्दीवर आहे का, मागं कुठं रस्ता दाखवून कोणी गिळलाय का, शेजारच्या प्लॉटिंगचा मंजूर रस्ता आपल्या भिंतीपर्यंत येऊन थांबलाय का. हे शेवटचं निघालं तर निम्मं काम झालं, दोन मंजूर रस्त्यांच्या मधली एक भिंत एवढाच प्रश्न उरतो.

जिथं मधे खाजगी प्लॉट आहे तिथं सोपं नाही. त्या मालकाशी बोलून जागा घ्यावी लागते, बदल्यात टीडीआर (म्हणजे दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) नाहीतर पैशात मोबदला, किंवा विकास आराखड्यात रस्ता दाखवून घ्यावा लागतो. आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की हरकती-सूचनांची मुदत असते, तेव्हा कॉलनीनं एकत्र, नकाशासकट सूचना द्यायची, आणि आराखडा आधीच मंजूर असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्यात कलम ३७ नं किरकोळ फेरबदलाची सोय आहे, त्यासाठी नगरसेवकाला आणि नगररचना विभागाला धरून महापालिकेचा ठराव करून घ्यावा लागतो. वेळ लागतो, पण बिल्डर आल्यावर हे सुरू केलं तर होतच नाही, म्हणून आधी.

आणि सोसायटीनं रिडेव्हलपमेंट ठरवलंच तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालचा सरकारी आदेश वाचून घ्या, ४ जुलै २०१९ चा सुधारित. त्यात मीटिंगला दोन तृतीयांश सभासद हजर पाहिजेत आणि एकूण सभासदांपैकी निदान ५१ टक्क्यांची संमती पाहिजे, मीटिंगचं व्हिडिओ शूटिंग पण. बिल्डर निवडायच्या आधी सोसायटीनं स्वतःचा आर्किटेक्ट किंवा सल्लागार नेमायचा असतो आणि टेंडरची कागदपत्रं तो बनवतो. हाच तो क्षण! टेंडरमध्येच लिहा की अमुक ठिकाणी इतक्या मीटरची सार्वजनिक वाट आरपार राहील, ती मंजूर नकाशावर दाखवली जाईल, तिच्या कडेला सलग भिंत येणार नाही, आणि ती पूर्ण झाल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. ब्रोशरमधल्या चित्रात दिसणारी झाडांची वाट धरू नका, मंजूर नकाशावर असेल तीच खरी. ताबा मिळाल्यावर ती वाट आणि तिचे दिवे महापालिकेच्या नावावर करून द्या, नाहीतर चार वर्षांनी लाईट बिलावरून सोसायटीत भांडण लागतं आणि कोणीतरी तिथं गेट बसवून कुलूप घालतं.